काठवटीच्या फटीतलं पीठ

ठकीचा हात गुरुवारी सकाळी सव्वाआठला निखळला आणि पावणेदहाला परत बसला. त्यानंतरच्या पाच मिनिटांत तिच्या आईने एक खोटं बोलून टाकलं. ते मात्र काही केल्या जागेवर बसेना.

झालं होतं ते एवढंच. ठकी चार वर्षांची, आणि त्या दिवशी तिला डावा बूट नको होता. उजवा चालत होता, डावा नको. का, तर तो रुसलाय. आईला पावाच्या भट्टीवर पोचायला आधीच उशीर झाला होता. तिने एकदा गोड बोलून पाहिलं, एकदा दात आवळून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तिने मनगट धरलं आणि पोरीला दारातून बाहेर हिसडलं. शेंग मोडावी तसा बारीक आवाज आला. ठकी लगेच रडली नाही. आधी तिने आपल्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि मग तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला.

डॉक्टरीणबाईंनी कोपर धरून एक पीळ दिला आणि हाड बसवलं. दोन मिनिटांत ठकी त्याच हाताने टेबलावरची पेन्सिल ओढायला लागली.

"सहसा हात ओढला गेला की होतं असं," कागदावर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "कसं झालं?"

"पायरीवरून पडली."

लिहिणारा हात थांबला. डॉक्टरीणबाई वाकून पोरीच्या तोंडाजवळ आल्या. "कुठल्या पायरीवरून गं, राणी?"

ठकीने आईकडे पाहिलं. चार वर्षांचं पोर ते, पण त्या बघण्यात सगळं होतं: तुला काय हवंय, सांग, मी देते. "खालच्या," ती म्हणाली.

संध्याकाळी बाप घरी आला तेव्हा त्याला उंबऱ्यातच बातमी मिळाली. "बाबा, मी पडले! खालच्या पायरीवरून! आधी धप्प, मग कट्!"

बाप इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत वंगण कायमचं मुरलेलं. त्याने हात पाठीमागे धरून तिच्या कोपराला ओठ टेकवले. "अरे बापरे! आणि पायरीला किती लागलं?"

ठकी खिदळली. तिची आई मोरीत तोंडावर पाणी मारत राहिली. खोटं तिचं एका वाक्याचं होतं. पोरीने त्याला पायरी दिली, आवाज दिले, जत्रेतल्या खेळण्यासारखं सजवलं आणि आईला बक्षीस म्हणून देऊन टाकलं.

आता ही बाई कोण, ते सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्याही आधी, तिने बाप्तिस्मा घेतला होता. तिच्या बापाचा हात सैल होता. एवढं म्हटलं की ज्यांच्या घरात तसं होतं त्यांना कळतं. तिचाही राग त्याच घराण्यातला. पोटातून उठायचा, खांद्यात यायचा आणि बोटांत उतरायचा, आणि तो उतरल्यावरच तिला कळायचं की तो आला होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येताना तिला पक्कं वाटलं होतं की तो खालीच राहिला. दोन वर्षांपूर्वी तिने चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्षही दिली होती: प्रभूने माझा राग काढून घेतला. बायकांनी डोळे पुसले होते. ठकी तेव्हा दोन वर्षांची होती, तिच्या कडेवर होती, आणि दोन वर्षांचं पोर बुटावरून वाद घालत नाही.

पाळकसाहेब भला माणूस. ते एका रविवारी सांगत की आपल्यातला जुना माणूस मेला. पुढच्या रविवारी सांगत की त्या जुन्या माणसाला रोज मारत राहा. मेलेल्याला रोज कशाला मारायचं, हे तिला विचारावंसं वाटायचं. पण मंडळीत प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा उपासनेनंतर बसायच्या चादरी घड्या करणाऱ्याची चलती असते. तिने चादरी घड्या केल्या.

आणि भाकर केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळे एकाच भाकरीचा तुकडा खात. त्याची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर आठ वर्षं तिच्या हातची होती. हे काम तिच्याकडे मावशींकडून आलं. मावशी तिची सख्खी मावशी नव्हे, सगळ्या मंडळीचीच. बेचाळीस वर्षं त्यांनी भाकर केली, आणि गुडघे गेले तेव्हा हिला बोलावून आपली लाकडी काठवट हातात दिली. वर नियम सांगितले. काठवट गरम पाण्याने तीनदा धुवायची. पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. पाणी पडल्यापासून वीस मिनिटांत भाकर भट्टीत गेली पाहिजे, कारण पीठ ओलं राहिलं की हवेतलं खमीर त्यात शिरतं. भाजण्याआधी काट्याने भोकं पाडायची. आणि शेवटचा नियम, बोट वर करून सांगितलेला: "मनात कुणाबद्दल काही असेल तर पिठाला हात लावायचा नाही. आधी जाऊन मिटवून यायचं."

मंडळीत दोन बायकांचं भांडण जुंपलं की तिसरी म्हणायची, "मावशींसमोर बोलशील का असं?" आणि भांडण बसायचं. त्यांचा चढा आवाज हल्लीच्या कुणी ऐकला नव्हता. पवित्र माणूस असू शकतं का, याचं तिच्याकडे एकच उत्तर होतं. ते दोन गल्ल्या पलीकडे पलंगावर पडून होतं.

शनिवारी दुपारी पावाची शेवटची खेप निघाली, तशी तिने फळीवरची काठवट उतरवली.

"आली देवाची ऑर्डर," भट्टीचा उस्ताद म्हणाला. तो मंडळीतला नव्हता, कशातलाच नव्हता. पण महिन्यातून एकदा भट्टी फुकट द्यायचा आणि त्याची किंमत चेष्टेत वसूल करायचा. "तुमच्या देवाचा पाव फुगत नाही, माझा फुगतो. सांग बरं, रांग कुणाच्या दाराशी असते?"

एरवी ती म्हणायची, तुमचा पाव सोमवारी शिळा होतो. आज तिने नुसती काठवट धुतली. एकदा, दोनदा, तीनदा. पीठ घेतलं, पाणी ओतलं, बोटं घातली. आणि थांबली. तीच बोटं. मनगट पकडताना ती अशीच वळली होती.

आधी जाऊन मिटवून यायचं. कुणाशी? चार वर्षांच्या पोरीशी? ती तर कधीच मिटवून मोकळी झाली होती.

तिने हातावरचं पीठ खरवडलं, काठवटीवर ओलं फडकं टाकलं, ती भट्टीच्या उबेला सरकवली आणि म्हणाली, "उस्ताद, आलेच."

दार मावशींच्या भाचीने उघडलं. चाळिशीची, एकटी, गरमीतही लांब बाह्यांचा झगा. "या. आज बऱ्या आहेत," ती म्हणाली. "म्हणजे शिव्या कमी आहेत." ठकीची आई हसली. विनोदच असणार.

खोलीत पावडरीचा आणि लघवीचा मिसळलेला वास होता. मावशी उशीत रुतल्या होत्या. चेहरा सुरकुतून एवढासा झालेला, पण डोळे जागे. ती पलंगाशेजारी स्टुलावर बसली आणि तिने बुटापासून पायरीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. रडणं म्हणजे सूट मागणं, असं तिला त्या दिवशी वाटत होतं.

"कुठला हात?" मावशींनी विचारलं.

"डावा."

"बसला?"

"बसला."

"मग सुटलीस." मावशींनी छताकडे पाहिलं. "माझ्या थोरल्याचा कान नाही बसला."

मावशींचा थोरला एका कानाने बहिरा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणून. तो दूर कुठेतरी नोकरीला होता आणि कामाच्या रगाड्यामुळे वीस वर्षांत आला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"तापाने ना, मावशी?"

"ताप मी आणला. नंतर. डॉक्टरला सांगायला काहीतरी हवं होतं." त्या थांबून थांबून बोलत होत्या, पण शब्द स्पष्ट होते. "पाच वर्षांचा होता. दूध सांडलं त्याने. एक दिली ठेवून. तेव्हा मी कालची विश्वासणारी नव्हते. दहा वर्षं झाली होती मला. भाकर करायला लागले होते."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने स्टूल पुढे ओढलं. ज्यासाठी आली होती ते विचारायलाच हवं होतं, आणि रोगी ज्या स्वरात डॉक्टरला विचारतो त्याच स्वरात तिने विचारलं, "मग सुटलं कधी?"

"काय?"

"हे. हात उचलणं."

"पोरं उंच झाली," मावशी म्हणाल्या. "नवरा गेला. घरात मारायला कुणी उरलं नाही. मग बायका म्हणायला लागल्या, मावशी किती शांत झाल्या! मला वाटलं, झाले असेन. माणसाला कौतुक पटकन खरं वाटतं." त्यांनी मान दाराकडे वळवली. "मग ही आली माझं करायला. दाखव गं तिला."

"राहू दे हो," भाची दारातून म्हणाली.

"दाखव म्हणते ना!" आवाज चढला. हल्लीच्या कुणी न ऐकलेला तो आवाज.

भाचीने बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला चिमट्यांचे डाग होते, काही पिवळे पडलेले, काही जांभळे. तिने धोब्याच्या खुणा दाखवाव्यात तसं बोट ठेवून सांगितलं, "हा सोमवारचा. हा कालचा, अंघोळीचं पाणी गरम होतं म्हणून." मग बाही खाली केली आणि ती औषधाची बाटली हलवायला लागली.

"प्रार्थना नाही केलीत?" तिने विचारलं.

"रोज. साठ वर्षं. तापात सुद्धा चुकवली नाही."

"मग?"

"मग काय मग! समोर पडलेय, बघ." आणि जुन्या मुकादमाच्या सवयीने लगेच विचारलं, "पीठ भिजवलंस का?"

"भिजवलंय. झाकून आलेय."

"ओल्या फडक्याने? भट्टीजवळ?"

ती दचकली. रोज दोनशे पावांची कणीक ती तशीच झाकायची. हातांनी आपलं रोजचं काम केलं होतं. मावशी हसल्या. हसता हसता खोकल्या, भाचीने त्यांना उठवून पाठ चोळली. "फुगलं असेल," त्या म्हणाल्या. "फुगू दे. त्या काठवटीत कधी बेखमीर झालंय का?"

"म्हणजे?"

"घरात काठवट एकच होती गं. आठवडाभर तिच्यातच पावाचं पीठ मळायचे मी. कितीही घासली तरी लाकडाच्या फटीत राहतंच. दर वेळी भाकर जराशी फुगायची. म्हणून तर काट्याने भोकं पाडायला लागले, म्हणजे बसते आणि दिसत नाही. पुढे पाळक सांगायला लागले, ही भोकं म्हणजे प्रभूच्या जखमा. मी कशाला बोलतेय!"

"आणि मन साफ करून हात लावायचा, ते?"

"ते माझ्या आधीच्या बाईने मला सांगितलं होतं. सांगायला काय जातं."

 तिला राग आला नाही, रडू आलं नाही. आधाराला धरलेला कठडा हातात सुटून यावा आणि तरी माणसाने तो धरूनच उभं राहावं, तसं काहीसं झालं. तिने विचारलं, "मग पवित्र झालं कोण, मावशी? एक तरी?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मघाचं हसू गेलं होतं. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "तू होशील."

ती परतली तोवर दोन तास होऊन गेले होते. फडकं उचललं तर पीठ अंगाने सुटलं होतं, वर दोन बुडबुडे डोळे वटारून बसलेले. उस्तादाने वाकून पाहिलं. "वा! तुझ्या देवाला अखेर भूक लागली वाटतं." मग तिचा चेहरा बघून त्याने चेष्टा आवरली. "टाक ते. दुसरं भिजव."

"भट्टी कधी हवीय तुम्हांला?"

"आत्ताच."

दुसरंही त्याच काठवटीत भिजवायचं होतं. तिने तेच पीठ थापलं, काट्याने भोकं पाडली, नेहमीपेक्षा जास्त, आणि भाजून घेतलं.

घरी नवरा ठकीच्या डाव्या बुटाचा पट्टा शिवत बसला होता. ठकी त्याच्या पाठीला टेकून झोपेला आली होती. ती समोर बसली आणि म्हणाली, "अहो, ती पायरीवरून पडली नव्हती."

त्याने सुई थांबवली नाही. "खालची पायरी वीतभर आहे. शुक्रवारी मोजली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." दोन टाके झाले. मग त्याने विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं, "परत होईल?"

दोन वर्षांपूर्वी माइकसमोर याचं उत्तर तिने ठणठणीत दिलं होतं. आता तिने ठकीच्या उघड्या तळव्याकडे पाहिलं. तो झोपेत अर्धा मिटला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने दोरा दाताने तोडला. झोपायच्या वेळी त्याने ठकीला रोजच्यासारखं मधे घातलं नाही. भिंतीकडे सरकवलं आणि स्वतः मधे आडवा झाला. त्यात रागाचा लवलेश नव्हता. बंद लिफ्टच्या दाराला तो आडवी साखळी लावायचा ना, तसंच.

रविवारी उपासनेआधी तिने पाळकसाहेबांना गाठलं. भाकर आंबली आहे हे सांगितलं, तेव्हा ते मोठ्याने हसले. "बाई, देव काय पीठ चाळत बसलाय का?" मग तिने हाताचं सांगितलं. हसू थांबलं. मावशींचं तिने सांगितलं नाही, ते तिचं नव्हतं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. चांगली केली, मनापासून केली. आमेन म्हटल्यावर थोडं घुटमळून म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून भाकरीचं दुसऱ्या कुणाकडे देऊ या का? तुम्हांलाही जरा विसावा."

"द्या," ती म्हणाली. "फक्त काठवट नवी घ्यायला सांगा."

भाकरीची थाळी तिच्या रांगेत आली. तिने ती हातात धरली, आपलीच भोकं पाहिली आणि तुकडा न घेता पुढे दिली. शेजारच्या आजींनी घेतला, हिरड्यांनी चघळला, आणि उपासना सुटल्यावर तिचा गाल कुरवाळून म्हणाल्या, "आज भाकर किती मऊ झाली होती गं! कधी नव्हे ती. देव तुझ्या हाताला असंच यश देवो."

सोमवारी सकाळी आठ वाजता ठकी वेणी घालून घेत होती. म्हणजे घेत नव्हती. मान इकडे, मान तिकडे. रिबीन लाल नको, निळी हवी. निळी धुवायला टाकलीय, मग ओली घाल. हात नाचवताना कपाला लागला आणि दूध सांडलं, गणवेशावर, चटईवर, आईच्या मांडीवर.

आणि तो आला. तसाच. पोटातून उठला, खांद्यात आला. अकरा वर्षं, मावशींची साठ वर्षं, शनिवार, रविवार, पाळकसाहेबांची प्रार्थना, कशानेच त्याची वाट अडवली नाही. या वेळी तिने त्याला येताना पाहिलं. तेवढाच फरक. पाहिलं, आणि तरी हात वर गेला.

ठकीने कोपर पोटाशी घेतलं आणि डोळे घट्ट मिटून घाईघाईने म्हणाली, "मी पडले! आई, मी पडले, मी पडले!"

हात हवेत राहिला. खाली कसा आणायचा, ते तिला कळेना. मारायला नव्हे तर जवळ घ्यायला आणावा, तर पोरीला ते आधी कसं कळणार?

"अहो," तिने हाक मारली. आवाज तिचा नव्हता. "अहो, इकडे या. लवकर या. हिची वेणी आज तुम्ही घाला."

तो तोंडाला साबण लावलेलाच आला. त्याने एकदा वरच्या हाताकडे पाहिलं, मग मधे बसला. त्याला वेणी येत नव्हती. तीन पेड त्याने तारा पिळाव्यात तसे पिळले, वंगणाची बोटं पोरीच्या केसांत अडकली, आणि झाली ती वेणी कानामागून तिरपी निघाली. ठकीने एक डोळा उघडला. मग दुसरा.

तिची आई तोवर भिंतीशी सरकली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून, दुधात, ती बसून होती. डावा बूट दाराशी आपला उभा होता. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि हा नुसता एक सोमवार होता, असे अजून कितीतरी यायचे होते.